मिस पेनीच्या मुळाशी कोण?

१

मिस पेनी मरायला टेकली होती, आणि तिला कोण मारतंय हे ग्रेटा फेनविकला पक्कं ठाऊक होतं.

"व्हर्न स्टॅबलर," ती फोनवर म्हणाली. "माझं पाणीही चोरतोय आणि माझ्या झाडाला विषही घालतोय. तू ये आणि मला तसं लिहून दे."

"झाड बघितल्याशिवाय मी काही लिहून देत नाही."

"मग बघ, आणि नंतर लिहून दे."

हे असं असतं बघा. तीस वर्षं मी गावातल्या रोपवाटिकेत कुंड्या बदलल्या, हजारो मुळं पाहिली. आता घरी बसले तरी या डोंगरात कुणाचं गांजाचं झाड आजारी पडलं की फोन मार्लिसलाच येतो. तोही वेळेवर नाही. आधी स्वतः काहीतरी ओतायचं, मग नवऱ्याने ओतायचं, मग दुकानदाराने सांगितलेलं ओतायचं आणि सगळं ओतून झालं की मार्लिसला बोलवायचं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय! मी ग्रेटाला झाडाचं पाणी बंद करायला सांगितलं आणि पाच दिवसांनी, ऑगस्टच्या वीस तारखेला, गाडी काढली.

गेले नसते तर बरं, असं मला जाताना तीनदा वाटलं. पण मिस पेनी साधं झाड नव्हतं. ग्रेटा आणि तिचा नवरा डेल तरुणपणी या डोंगरावर आले तेव्हा पेनी नावाच्या खेचरावर खत, पत्रे आणि पाइपांची भेंडोळी लादून वर आणायचे. त्या खेचराचं नाव त्यांनी आपल्या वाणाला दिलं. डेल जाऊन सहा वर्षं झाली होती. त्याने ठेवलेलं शेवटचं बी ग्रेटाने यंदा पेरलं आणि त्यातली दोनच उगवली, एक नर, एक मादी. नराचे पराग जुलैतच गोळा करून फ्रिजमध्ये बरणीत ठेवले होते. मादीचा फुलोरा तयार व्हायला अजून दोनेक आठवडे होते. तोवर ती जगली तर बी धरणार होतं. नाही जगली तर हा वाण पृथ्वीवरून गेला, बरणीतल्या परागाला कुणी विचारणार नव्हतं.

वर पोचले. ग्रेटाची बाकीची सहा झाडं उघड्या उन्हात एका ओळीत धष्टपुष्ट उभी होती. मिस पेनी एकटीच चाळीस पावलं खाली, मँझनिटाच्या झुडपांच्या आडोशाला होती.

"इथे का लावलीस हिला?" मी विचारलं.

"डेलचा खड्डा आहे तो. त्याच्या हातची माती आहे त्यात."

झाड माझ्याहून हातभर उंच होतं, पण प्रत्येक पानाने मान टाकलेली. खालची पानं पिवळी. बुंध्याजवळ एक खळगा करून ग्रेटाचा म्हातारा कुत्रा बिस्किट त्यात पसरला होता.

"यानेच मुळं उकरली," ग्रेटाची मुलगी लार्क मागून म्हणाली. "मी आईला रोज सांगते."

"कुत्र्याला व्हर्नने पढवलंय का ते विचार," मी म्हणाले. "पाणी खरंच बंद केलंस ना, ग्रेटा?"

"पाच दिवस थेंब नाही."

"आणि त्याआधी?"

"रोज, वाढवून वाढवून. तहानेने मान टाकत होती ना ती!"

मी डोक्याला हात लावला. तहानेलं झाड आणि बुडालेलं झाड, दोन्ही सारखीच मान टाकतात. तहानेल्याचं पान कागदासारखं लागतं आणि बुडालेल्याचं जड. हे पान जड होतं. मी खुरपं घेऊन गुडघ्यांवर बसले. वरची वीतभर माती कोरडी ठणठणीत, तिच्यातली बारीक मुळं पांढरी आणि टवटवीत. मी खुश झाले. मग हात कोपरापर्यंत आत घातला आणि बोटांना गार, चिकट राडा लागला. वर आला तो गटाराचा वास. एक मूळ ओढलं तर त्याची तपकिरी साल मोज्यासारखी निघून हातात आली आणि आतला दोरा मातीतच राहिला.

पाच दिवस पाणी नाही. आग ओकणारं ऊन. वरची मुळं धडधाकट आणि खालची कुजलेली.

"विष नाहीये हे," मी म्हणाले. "पाणी आहे. आणि ते वरून आलेलं नाही. खालून येतंय."

"आत चला, कॉफी करते," ग्रेटा म्हणाली आणि घराकडे वळली.

२

मी ग्रेटा, लार्क आणि लार्कचा नवरा, तिघांनाही स्वयंपाकघरात गोळा केलं. आजारी झाडाकडे बघून निम्मंच कळतं, उरलेलं निम्मं माणसांकडून काढावं लागतं. आणि माणसं खोटं बोलतात. झाड कधी बोलत नाही, पण खोटंही बोलत नाही.

भिंतीवर गांजा पिकवायचा सरकारी परवाना चौकटीत लावलेला होता, शेजारी शेताचा नकाशा. टाकीपासून दोन निळ्या रेघा निघाल्या होत्या. एक घराकडे, दुसरी त्या सहा झाडांच्या ठिबककडे. मिस पेनीकडे एकही नाही.

"हिला पाणी कशाने देतेस?"

"झारीने. माझ्या हाताने."

"या नकाशावर नसलेला एखादा पाइप?"

"नाही."

"जुना? तुटका? सोडून दिलेला?"

"नाही म्हटलं ना, मार्लिस!" ती ताडकन उठली आणि माझा कप भरलेला असताना पुन्हा कॉफी चढवायला गेली. मला वाटलं, व्हर्नवरचा राग अजून डोक्यात आहे. माझं चुकलं ते इथे.

"आणि टाकी रोज चार बोटं उतरते," ती चुलीकडे तोंड करून म्हणाली. "ते कोण पितंय? व्हर्नच्या घरून टाकीपर्यंत पाऊलवाट आहे. अग्निशमन केंद्रात अख्ख्या गावाची न्याहारी असते, तिथे मी सगळ्यांसमोर त्याला तोंडावर चोर म्हटलंय."

"पुरावा?"

"त्याचा चेहरा."

मी लार्ककडे वळले. हिला मी लंगोटात असल्यापासून ओळखते. ती टेबलाच्या लाकडावरची गाठ नखाने खरवडत होती.

"तू काय ओतलंस?"

"मी? मी कशाला..." तिने आईकडे पाहिलं. "थोडी काकवी. गांडूळखताच्या अर्कात. आठवड्यातून एकदा."

"एकदा?"

"दोनदा. आई गावात गेली की."

"लार्क!" ग्रेटा ओरडली.

"तू नुसतं पाणी पाजून मारत होतीस तिला! कुणीतरी काहीतरी करायला नको?"

"आणि तू, ब्रॅम?" लार्कचा नवरा ब्रॅम कोपऱ्यात उभा होता. चांगला माणूस, कामाला वाघ, पण या डोंगरावर येऊन दोनच वर्षं झालेली.

"मी जवळजवळ काहीच नाही, मार्लिस. मूठभर मॅग्नेशियमचं मीठ. पानं पिवळी दिसली म्हणून. माझं खरं काम टाकीवर असतं. जुलैत अग्निशमन विभागाची तपासणी होती, तेव्हा गवत कापलं, सगळे कॉक फिरवून पाहिले. घराचा, ठिबकचा, आगीच्या बंबासाठी टाकीलाच लावलेला. एक पानांच्या ढिगाखाली मेलेला होता, त्याला दांडाही नव्हता, पकडीने फिरवला. काही आलं नाही, दिला सोडून."

"सोडून दिला म्हणजे..."

पण माझा प्रश्न कुणी ऐकलाच नाही. लार्क त्याच्यावर तुटून पडली होती. "मीठ? माझ्या काकवीवर तू मीठ घातलंस?"

"तू काकवी घातलीस हे मला काय स्वप्न पडणार होतं?"

"तुम्ही दोघांनी मिळून माझ्या डेलचं झाड..." ग्रेटाचा आवाज फुटला.

मी बाहेर पडले. असा संताप आला होता म्हणून सांगू! झाडावर तिघांचं प्रेम, आणि तिघांनी ते एकमेकांपासून चोरून केलेलं. तरी त्यांच्या काकवीने आणि मिठाने आजार फार तर वाढला असता. पाणी त्यांनी खालून थोडंच आणलं होतं! राहता राहिला व्हर्न.

३

व्हर्न स्टॅबलर ओढ्यापलीकडे एकटा राहतो. वय बाहत्तर. मी पोचले तेव्हा तो दारातच बसला होता, जणू माझीच वाट बघत.

"लिहून दिलंस का तिला?" त्याने विचारलं.

"अजून नाही. उद्या सकाळी दहाला टाकीवर ये. दुपारपर्यंत माझ्या शेजारी बसायचं, हलायचं नाही."

"अटक आहे का?"

"हो."

"मग जेवण घेऊन येतो."

दुसऱ्या दिवशी मी ग्रेटाला सांगून घराचा, ठिबकचा आणि बंबाचा, तिन्ही कॉक घट्ट बंद केले. टाकीच्या बाहेरून पाण्याची पातळी दाखवणारी नळी आहे, तिच्यावर खडूने रेघ मारली. मग आम्ही दोघं ओकच्या सावलीत बसलो. व्हर्नने पाव-मांस खाल्लं, लोणच्यातली काकडी खाल्ली, मलाही दिली. हवामानावर बोलला, गुडघ्यावर बोलला. ग्रेटाबद्दल अवाक्षर नाही.

दोन वाजता मी उठून नळी पाहिली. पाणी रेघेच्या खाली चांगलं बोटभर उतरलं होतं. टाकी चहूबाजूंनी तपासली, कुठे ओल नाही. तिन्ही कॉक बंद होते आणि 'चोर' माझ्यासमोर दात कोरत बसला होता.

"सुटलास तू," मी म्हणाले.

"मला ठाऊक होतं."

"मग काल का नाही बोललास? अख्ख्या गावासमोर तिने तुझी अब्रू काढली!"

त्याने डब्याचं झाकण लावलं. पुन्हा काढलं. पुन्हा लावलं. "तिचा कुत्रा कुठे झोपतो पाहिलंस?"

"मिस पेनीच्या बुडाशी."

"का?"

"सावली असते म्हणून."

"सावली डोंगरभर आहे, मार्लिस."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. मग उतारावर नजर टाकली. सगळं गवत वाळून पिवळंधमक झालेलं, पण टाकी आणि मँझनिटा यांच्या बरोबर मध्ये परातीएवढा हिरवागार तुकडा. मी खाली जाऊन पाहिलं. रानपुदिना होता. ऑगस्टात, डोंगरउतारावर, रानपुदिना! त्याच्यावर गांधीलमाश्या पाणी प्यायला बसल्या होत्या. टाकी, पुदिना आणि मिस पेनी, तिन्ही एका सरळ रेषेत होती.

मी धापा टाकत वर आले. "व्हर्न, तुला काहीतरी माहीत आहे."

"मला काहीच माहीत नाही," तो म्हणाला. "एकोणीसशे चौऱ्याऐंशीपासून मला काहीच माहीत नाही."

आणि डबा काखेत मारून तो निघाला.

"बस खाली!" मी ओरडले. "अटक संपलेली नाही."

४

मी सगळ्यांना टाकीवर बोलावलं. ग्रेटा व्हर्नला बघून मागे फिरायला लागली, तिला लार्कने धरून ठेवलं.

"ब्रॅम," मी म्हणाले, "तो मेलेला कॉक दाखव."

त्याने पायाने पानं बाजूला केली. टाकीच्या मागच्या अंगाला, जमिनीलगत, गंजलेला पितळी कॉक होता. "हाच. फिरवला तेव्हा थेंबही पडला नाही."

"थेंब कुठून पडणार? याचं तोंड बाहेर नाहीच. ते जमिनीत गेलंय. तू फिरवलास आणि परत बंद केलास का?"

ब्रॅमचा चेहरा उतरला. "काही आलं नाही, म्हणून... नाही."

"कधीची गोष्ट?"

"जुलैचा दुसरा आठवडा."

"ग्रेटा, टाकी उतरायला कधी लागली?"

"जुलैच्या मध्यावर," ती पुटपुटली.

"आणि मिस पेनीने मान कधी टाकली?"

"महिनाअखेरीला."

"म्हणजे पाणी चोरणारा आणि झाड मारणारा एकच. पण तो माणूस नाही, पाइप आहे. इथून निघतो, जमिनीखालून जातो, वाटेत एका सांध्याला गळतो, तिथे पुदिना उगवलाय. आणि संपतो डेलच्या खड्ड्याच्या तळाशी. म्हणून बाकीची सहा ठणठणीत आणि हीच एक बुडाली. म्हणून कुत्रा तिथल्या गार मातीत पोट टेकून झोपतो. दिवसरात्र थेंब थेंब पाणी खालून चढतंय, मुळांना श्वास घ्यायला जागा नाही. झाड मान टाकतं, तुम्हाला वाटतं तहान लागली, तुम्ही वरून आणखी ओतता." मी ग्रेटाकडे वळले. "मी तुला दोनदा विचारलं, दुसरा पाइप आहे का. तू दोनदा नाही म्हणालीस."

"कारण नाहीच!" लार्क म्हणाली. "मी इथे जन्मले, मार्लिस. इथे पाइप असता तर मला माहीत नसता?"

"ब्रॅम, खण."

आम्ही खाली मिस पेनीपाशी गेलो आणि त्याने खड्ड्याच्या वरच्या अंगाला कुदळ घातली. दोन फुटांवर काळा रबरी पाइप लागला. लार्क पाइपाकडे बघत होती, मी ग्रेटाकडे.

ग्रेटा जमिनीवर बसली.

"तेव्हा गांजा बेकायदा होता. पोलिसांची हेलिकॉप्टरं यायची," ती म्हणाली. "दर ऑगस्टात. वरून पाइप दिसला की पाइप धरून झाडापर्यंत, झाडावरून आमच्यापर्यंत. मग डेलने सगळे पाइप पुरले. झाडं एकेकटी, झुडपांच्या आड. आम्ही तिघांनीच खणलं. डेल, मी आणि..." तिने मान न वळवता बोट दाखवलं. व्हर्न बुटांकडे बघत होता. "तिघांनी शपथ घेतली. कुणीही विचारो, पाइप नाही. पोटच्या पोरीने विचारलं तरी नाही."

"मला सांगितलं नाहीस!" लार्क म्हणाली.

"तुला शाळेत बाईंनी विचारलं असतं तर?"

"मी आता एक्केचाळीस वर्षांची आहे, आई!"

"स्वयंपाकघरात सरकारी परवाना टांगलाय!" माझा संयम सुटला. "कोण येणार होतं तुला पकडायला? मी? मी खुरपं घेऊन आले होते, ग्रेटा! झाड तुझ्या डोळ्यांदेखत कुजत होतं आणि तू मला, मला 'नाही' म्हणालीस!"

"ते आपोआप तोंडून आलं. मला वाटलं बंदच आहे. डेलने स्वतः बंद केला होता, दांडा काढून फेकला होता. आणि नाही म्हणून म्हणून... खरंच नाही असंच वाटायला लागतं गं." ती रडत होती. "तू खालून पाणी येतंय म्हणालीस तेव्हा एकदा मनात आलं. आणि मी कॉफी करायला उठले."

मग ती व्हर्नवर उसळली. "आणि तू रे? मी तुला चोर म्हटलं, तरी गप्प का राहिलास, मूर्खा?"

"तू शपथ मागे घेतली नव्हतीस," व्हर्न म्हणाला.

"माझं झाड मरत होतं!"

"मी टाकीवर आलो होतो बघायला, त्या कॉकसाठीच. तर तू बंदूक घेऊन बाहेर आलीस."

तीस वर्षांत मी बुरशी पाहिली, किडी पाहिल्या, मुळं कुरतडणारे भुईउंदीर पाहिले. हा रोग पहिल्यांदाच पाहिला, आणि याच्यावर ओतायला कुठल्या दुकानात काही मिळत नाही.

५

कॉक बंद केला, पाइप कापून त्याला बूच मारलं. व्हर्न आणि ब्रॅमने खड्ड्याच्या खालच्या अंगाला चर खणला तेव्हा त्यातून काळं, घाण वास मारणारं पाणी दुपारभर झिरपत राहिलं. मी कुजलेली मुळं जेवढी हाताला लागली तेवढी कापली. उरलेल्या मुळांना पेलवणार नाही म्हणून वरचं निम्मं झाड छाटलं. छाटताना ग्रेटा आत निघून गेली. मग सावलीचं कापड बांधलं.

"आता ओतायचं नाही," मी सगळ्यांना बजावलं. "काकवी नाही, मीठ नाही. मी सांगेन त्या दिवशी, सांगेन तेवढंच पाणी, आणि ते ग्रेटा देईल. प्रार्थना करायची असेल तर लांबून करा."

पहिल्या आठवड्यात दोन फांद्या वाळल्या. मला वाटलं, गेली. रोज सकाळी मी सहा मैल गाडी हाकत वर जायचे, चराच्या भिंतीत डोकं घालायचे आणि शिव्या देत परत यायचे. मी दोन दिवस आधी आले असते तर, ग्रेटा पहिल्याच दिवशी खरं बोलली असती तर, असं सारखं डोक्यात घोळायचं. नवव्या दिवशी चराच्या मातीतून तांदळाएवढं पांढरं टोक बाहेर आलेलं दिसलं. शेजारी आणखी एक होतं. मी तिथेच चिखलात बसले आणि मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

मिस पेनीची एकच फांदी नीट फुलली. सप्टेंबरात ग्रेटाने बरणीतले पराग बारीक कुंचल्याने तिच्यावर लावले तेव्हा लार्कने खालून तिचं कोपर धरलं होतं.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही पाचही जण स्वयंपाकघरात होतो. ग्रेटाने सुकलेली फांदी वर्तमानपत्रावर हलकेच चोळली. बी पडलं. मूठभरही नव्हतं, पण गडद, पट्टेदार, टणक बी होतं. व्हर्नने एक दाणा दोन बोटांत धरून दाबला, तो फुटला नाही. "जमलं," तो म्हणाला.

ग्रेटाने बी एका कागदात गोळा केलं, पुडी केली आणि एकटीच आतल्या खोलीकडे निघाली. दारापर्यंत गेली. मग थांबली, आणि पाठमोरीच उभी राहिली.

लार्क तिच्या पाठीकडे बघत होती.

ग्रेटा वळली. परत येऊन तिने पुडी टेबलावर ठेवली.

"शिध्याच्या कपाटात," ती म्हणाली, "दुसऱ्या फळीवर, पिठाच्या मागे, निळ्या डब्यात ठेवते मी बी. तिथे ठेवणार आहे."

हे ती इतकं हळू म्हणाली की आम्ही पुढे वाकलो होतो. आमचे चेहरे बघून तिने घसा साफ केला आणि पुन्हा एकदा, सगळ्यांना ऐकू जाईल असं, मोठ्याने सांगितलं.